कपाळातली साखरबाव

१९ मे २०२१ची सकाळ. आदला अख्खा दिवस बडोद्यात वाऱ्याने धुमाकूळ घातला होता. तौक्ते वादळ १७ तारखेच्या रात्री सौराष्ट्रात उन्याजवळ किनाऱ्यावर चढलं आणि तिथून वर अहमदाबादच्या दिशेने सरकत गेलं. आम्ही त्याच्या वाटेच्या बाजूलाच होतो, तरी दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवरचे दोन पत्रे उडून मागच्या वाड्यात जाऊन पडले, आणि रात्रभर वीज नव्हती. काय शाबूत राहिलंय ते बघायला सकाळी वर गेले, तर पाण्याच्या टाकीमागे, फुटक्या कुंड्यांच्या खापरांत, एक पक्षी पोटावर पडून होता.

आधी वाटलं कावळा. मग त्याने मान वळवली आणि कपाळ दिसलं, पांढरंशुभ्र, कुणी चुन्याचं बोट ओढावं तसं. पाठ तव्याच्या बुडासारखी काळी, पोट पांढरं, चोच टोकदार आणि सरळ. आणि पंख! एवढ्याशा अंगाला इतके लांब की मिटल्यावरही शेपटीवर कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर आलेले. टिटवी नव्हे, बगळा नव्हे, सूरसागरावर येताजाता दिसणारं काहीच नव्हे. आई मागोमाग जिना चढून आली. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, हा इथला नाही. हा समुद्रावरचा आहे."

आईचं माहेर अलिबागच्या बाजूचं. लग्न होऊन बडोद्याला आली त्याला पन्नासेक वर्षं झाली, पण समुद्राच्या बाबतीत आमच्या घरात अजून तिचाच शब्द चालतो. आम्हा मुलांना लहानपणी समुद्र माहीत होता तो कमाटीबागेतल्या म्युझियममधला, म्हणजे तिथला निळ्या देवमाशाचा सांगाडा. त्याच्या बरगड्यांखालून चालताना आम्ही आवाज बारीक करायचो.

मदतीसाठी पहिला फोन केला तिथे पलीकडच्या माणसाने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "कबूतर असेल, सावलीत ठेवा," म्हणाला आणि फोन ठेवला. मला फार राग आला. मग आठवण झाली ती गल्लीतल्या मुलाची. उत्तरायणात मांज्याने कापलेले पक्षी गोळा करत तो दोन दिवस स्कूटरवर फिरत असतो. तो दहा मिनिटांत आला, भोकं पाडलेला खोका आणि जुना टॉवेल घेऊन. त्याने फोटो काढून आपल्या ओळखीच्या पक्षीवाल्यांना पाठवले, वनखात्याला कळवलं, आणि चहा होईपर्यंत नाव आलं: सूटी टर्न. टर्नला मराठीत सुरय म्हणतात. आपल्या नद्यांवर दिसतो तो नदी सुरय. हा वरून काजळीने माखल्यासारखा, म्हणून आमच्या घरी तो काजळी सुरयच झाला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याला टॉवेलसकट ठेवलं आणि मग टॉवेलचं वजन वजा केलं. १४८ ग्रॅम. दीड वाटी तांदळाएवढासुद्धा नाही.

मुलाने जाताना दोन गोष्टी बजावल्या. अंधारात ठेवा, आणि चोचीत पाणी ओतू नका, श्वासनळीत जाईल. पहिली आईला पटली. दुसरी तिच्या गळी उतरेना. तहानलेला जीव दारात आला आणि त्याला पाणी पाजायचं नाही? ओतत नाही, नुसतं ठेवते, म्हणून तिने खोक्यात स्टीलची वाटी ठेवली. त्याने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

दुपारी खोका साफ करायचा म्हणून त्याला थोडा वेळ खालच्या खोलीत फरशीवर ठेवलं. आमच्याकडे जुनी हिरवट कोटा फरशी आहे. मी समोर बसून होते. त्याच्या चोचीच्या टोकाला एक थेंब आला, काचेसारखा स्वच्छ. क्षणभर लोंबला. मग पक्ष्याने मान झटकली आणि तो फरशीवर उडाला. थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा. "सर्दी झालीय त्याला," आई म्हणाली, आणि मलाही तेच वाटलं. संध्याकाळी फरशी पुसायला गेले तर थेंब वाळून तिथे साबुदाण्याएवढे पांढरे डाग पडले होते. नखाने खरवडले तर भुकटी निघाली. करायला नको होतं, पण बोट जिभेला लावलं.

मीठ. साधं, कडक, समुद्राचं मीठ.

त्या रात्री आणि पुढचे कितीतरी दिवस मी या एका थेंबामागे लागले. समुद्र म्हणजे पाणीच पाणी, ही किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांची समजूत आहे. तहानेच्या हिशोबाने समुद्र म्हणजे कोरडं रान. त्याच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडं एवढी खारट लघवी करू शकत नाहीत. त्यामुळे लिटरभर समुद्राचं पाणी प्यायलं तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला अंगातलं लिटरभराहून जास्त पाणी खर्ची पडतं. पिऊन माणूस आणखी सुकतो. भरकटलेल्या होड्यांतली माणसं पाण्याच्या मधोमध तहानेने गेली ती अशी. पक्ष्यांची मूत्रपिंडं तर या कामात आपल्याहूनही कच्ची. शिवाय या सुरयाचं खाणं म्हणजे छोटे मासे आणि माकुल, म्हणजे स्क्विड. माशाच्या अंगातलं पाणी समुद्राहून बरंच कमी खारट असतं, पण माकुल आतून समुद्राइतकंच खारट. माकुल खाल्लं की समुद्र प्यायल्यासारखंच. मग हा पक्षी जगतो कसा?

याचं उत्तर १९५७ साली सापडलं. क्नूट श्मिट-नील्सन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने पाणकावळ्यांना आणि कुरवांना, म्हणजे आपण सीगल म्हणतो त्यांना, समुद्राचं पाणी पाजलं आणि ते मीठ कुठून बाहेर पडतं ते शोधलं. ते लघवीतून जाईना. ते नाकातून ठिबकत होतं. डोळ्यांच्या वर, कवटीच्या हाडातल्या खाचेत, दोन चपट्या ग्रंथी असतात. पक्षिशास्त्राला त्या आधीपासून माहीत होत्या, पण काम कळलेलं नव्हतं. त्या ग्रंथींत बारीक नळ्यांचं जाळं असतं. नळ्यांतला द्रव एका दिशेने वाहतो आणि त्यांना बिलगलेलं रक्त उलट दिशेने, त्यामुळे वाटेत जागोजागी रक्तातलं मीठ नळ्यांत ओढून घेता येतं. बाहेर पडतो तो द्रव समुद्राहून जवळजवळ दुप्पट खारट. एका कुरवाला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं समुद्राचं पाणी पाजलं होतं. तीनेक तासांत त्याने जवळपास सगळं मीठ नाकावाटे टाकून दिलं. मीठ गेलं, पाणी अंगात उरलं. खारं पाणी पिऊन अंगात गोडं पाणी करायचं, आणि तेही कपाळावर बोटाच्या पेराएवढ्या जागेत.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे साखरबाव बरोबर घेऊनच हिंडतो की तो."

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आपल्याकडच्या प्रत्येकाने शाळेच्या सहलीत हे ऐकलेलं असतं. सिंधुदुर्ग भर समुद्रात, चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत तीन गोड्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातही तशीच गोड्या पाण्याची सोय, आई लहानपणी भरतीच्या आत चालत जाऊन ते पाणी प्यायलेली. समुद्रातला किल्ला तोफांवर टिकत नाही, तो त्या विहिरीवर टिकतो. वेढा पडला तरी आतला माणूस तहानेने शरण यायला नको. हा दीडशे ग्रॅमचा जीव तसाच आहे, आतून बांधून काढलेला.

त्या रात्री तो ओरडला. अंधारलेल्या खोक्यातून, रात्री दोनच्या सुमाराला, तीन तुकड्यांत तुटणारा खरखरीत आवाज. कोरोनातला तो मे महिना कसा होता ते सगळ्यांना आठवत असेल. रात्री अँब्युलन्सशिवाय दुसरा आवाज नसायचा, आणि प्रत्येक आवाजाला आपण उठून बसायचो. आई आणि मी दोघीही उठलो, खोक्याशेजारी सतरंजीवर बसून राहिलो. नंतर वाचलं की अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर यांच्या मोठ्या वसाहती आहेत आणि तिथे या पक्ष्याचं नावच त्याच्या ओरडण्यावरून 'वाइडअवेक' पडलंय, टक्क जागा. बेटावरच्या विमानतळालाही तेच नाव आहे.

नाव अगदी खरं आहे, कारण या सुरयाला पाण्यावर टेकता येत नाही. म्हणजे टेकेल, पण फार वेळ बसला तर पिसं भिजून जड होतील. समुद्रपक्षी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाटांवर डुलणारं काहीतरी येतं. हा मात्र लाटेला शिवून उडतो, पाण्याच्या वर उसळलेला मासा अलगद टिपतो, आणि पुन्हा हवेत. पिल्लू एकदा आपलं बेट सोडून निघालं की दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त, जमिनीवर पाय ठेवत नाही. मग झोप? झोपही हवेतच. असाच न भिजता जगणारा दुसरा पक्षी म्हणजे फ्रिगेट. गालापागोसच्या फ्रिगेट पक्ष्यांच्या डोक्यावर मेंदूची नोंद घेणारं छोटं यंत्र बसवून केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. समुद्रावर असताना ते दिवसाकाठी सरासरी ४२ मिनिटं झोपत होते, तीही काही सेकंदांच्या डुलक्यांत, बहुतेक वेळा अर्धा मेंदू जागा ठेवून. तेच पक्षी बेटावर परतले की दिवसात बारा-बारा तास झोपायचे. आमच्या खोलीत हाही दुसऱ्या दिवशी दुपारी मान पाठीत खुपसून इतका गाढ झोपला की मी दोनदा खोक्यावर वाकून श्वास बघितला.

त्या दिवशी त्याने खाल्लंही. फ्रीजमध्ये मांदेली होती. आईने तिचे बोटभर लांबीचे पातळ तुकडे केले, गोड्या पाण्यात भिजवले, आणि मी चिमट्याने धरून चोचीशी नेले. पाचवा तुकडा त्याने स्वतः ओढून घेतला. मग तो पिसं साफ करायला लागला. मान पार मागे वळवून शेपटीच्या मुळाशी चोच घासायची, तिथल्या ग्रंथीतलं तेल चोचीला लावायचं, आणि एकेक पीस मुळापासून टोकापर्यंत ओढून काढायचं. एक पीस गळून टॉवेलवर पडलं होतं ते मी उचललं. बोटाने मध्येच फाकवलं तर उभी चीर पडली. दोन बोटांच्या चिमटीतून वरपर्यंत ओढलं, तर चीर बुजली, होती कुठे तेही कळेना. पिसाच्या केसाकेसाला बारीक आकडे असतात आणि ते शेजारच्या केसात अडकतात. पाणी बाहेर राहतं ते मुख्यतः या विणीमुळे, तेल तिला धरून ठेवतं. तो दिवसभर करत होता ते काम हे, उसवलेलं पुन्हा विणून घेण्याचं.

आणि थेंब थांबले. "बघ, सर्दी गेली," आई म्हणाली, आता हसत. अंगात जास्तीचं मीठ उरलं नाही की ग्रंथी गप्प बसते. ज्या पक्ष्यांना दोन्ही प्रकारच्या पाण्यावर राहता येतं त्यांच्यात तर गोड्या पाण्यावर ती आकसते आणि खाऱ्यावर गेलं की पुन्हा वाढते. हिवाळ्यात आपल्याकडे डभोईजवळच्या वढवाणा तलावावर कुरव येतात. सयाजीरावांच्या काळात, १९१० साली, शेतीसाठी बांधलेला हा तलाव, तौक्तेच्याच वर्षी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेला. तिथे गोडं पाणी मुबलक आहे. ते कुरव आता मला वेगळे दिसतात. वापरात नसलेली विहीर कपाळात ठेवून ते चार महिने आपल्याकडे राहतात, आणि परत जाताना ती पुन्हा उपसायला घेतात.

पंखांबद्दल मात्र मला पुस्तकात शोधावं लागलं नाही, ते गच्चीवरच कळलं. बडोद्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं की उत्तरायणात सकाळी गच्चीच्या पातळीला वारा पडलेला असतो. ठुमके देत, हात भरून येईपर्यंत पतंग वर चढवावा लागतो, आणि एकदा का तो घरांच्या वर गेला की आपोआप ताणून धरतो, मग फक्त ढील द्यायची. खालचा वारा घरांना, झाडांना घासून मंदावलेला असतो, वरचा मोकळा. समुद्रावरही हेच आहे. लाटांना लागून वारा हळू, दहा-पंधरा मीटर वर चांगलाच जोरात. अल्बाट्रॉस नावाचा मोठा समुद्रपक्षी जगतो तो या फरकावर. वाऱ्याला तोंड देत वर चढायचं, चढता चढता वारा जोरात होत जातो आणि त्याला उचलतो. वर पोचल्यावर वळायचं आणि वाऱ्याबरोबर घसरत खाली यायचं, आलेल्या वेगावर लाटेला लागून वळून पुन्हा वर. पंख फडकवण्याची गरजच फारशी पडत नाही. पसरलेला पंख तसाच धरून ठेवायला खांद्यात एक कंडरा खिटीसारखी अडकते, स्नायूंना ओझं राहत नाही. भटक्या अल्बाट्रॉसच्या पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत जातो, आमच्या खालच्या खोलीत तो मावला नसता. राखी डोक्याच्या एका अल्बाट्रॉसने ४६ दिवसांत पृथ्वीला फेरी घातल्याची नोंद आहे. आमच्या सुरयाला पंख मारावे लागतात, पण तेही थोडेच. पाठीचा काळा रंगही त्या उडण्याच्याच कामाचा. काळेपणा देणाऱ्या मेलॅनिनने पीस चिवट होतं, ऊन आणि खारा वारा यांनी लवकर झिजत नाही. पांढऱ्या कुरवांचीही पंखांची टोकं काळी असतात, ती म्हणूनच.

इतकं सगळं समुद्राला देऊन टाकल्यावर जमिनीसाठी फार थोडं उरतं. तरी जमिनीवर यावं लागतं, कारण अंडं पाण्यावर घालता येत नाही. काजळी सुरय एक अंडं घालतो, उघड्या वाळूवर, घरटं असं नाहीच. आपल्याकडे लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळ पिट्टी नावाचं निर्जन वाळूचं बेट आहे, तिथे यांची वीण होते. तौक्ते जन्मलं ते लक्षद्वीपच्याच आसपास आणि तिथून किनाऱ्याला समांतर वर आलं. आमचा पाहुणा पिट्टीवरचाच, असं माझं मन म्हणतं.

मला काळजी वाटते ती या एका अंड्याची. समुद्रावर या जिवाने प्रत्येक गोष्टीवर तोड काढली, पण बेटावर चढलेल्या मांजरावर आणि उंदरावर त्याच्याकडे तोड नाही, कारण त्याच्या बेटांवर ती कधी नव्हतीच. माणसांनी जहाजांतून नेली. असेन्शनवर मोकाट मांजरांनी पिढ्यानपिढ्या सुरय मारले. शेवटी मांजरं हटवण्याची मोहीम झाली आणि २००६ साली बेट त्यांच्यापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. काही वर्षांनी फ्रिगेट पक्षीही मुख्य बेटावर पुन्हा अंडी घालायला लागले. हे वाचून मी रडले होते. समुद्रपक्ष्यांचं आयुष्य लांब असतं आणि पिल्लं मोजकी, त्यामुळे एक म्हातारा पक्षी गेला तरी खड्डा मोठा पडतो. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर विस्डम नावाची लेसन अल्बाट्रॉस मादी आहे. १९५६ साली तिच्या पायात कडं घातलं, तेव्हाच ती वयात आलेली होती. २०२४च्या शेवटी तिने पुन्हा अंडं घातलं. माझ्या आईच्या वयाची आहे ती.

२१ तारखेला सकाळी काट्यावर १६३ ग्रॅम आले आणि मुलगा म्हणाला, आता थांबण्यात अर्थ नाही. मी, आई आणि तो, पादरा-जंबुसरच्या रस्त्याने कावी-कंबोईला निघालो. वाटेत पडलेली झाडं अजून उचलत होते. आईने नको म्हटलं तरी पिशवी भरलीच: टॉवेल, उरलेली मांदेली, पाण्याची बाटली. कावी-कंबोईचा समुद्र कोकणासारखा नाही. खंभातचं आखात, भरती-ओहोटीत दहा मीटरपर्यंत फरक, ओहोटीला चिखलच चिखल आणि भरतीला मातकट पाणी एकदम अंगावर येतं. आम्ही पोचलो तेव्हा भरती चढत होती, वारा नैऋत्येचा.

मुलाने त्याला दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि हात डोक्याच्या वर, वाऱ्यात धरले. पक्षी थोडा वेळ तसाच बसला. मग पंख उघडले. तीन दिवस आमच्या खोक्यात होते तेच पंख, पण उघडल्यावर त्यांची लांबी पुन्हा नव्याने दिसली, एकेक हातभर. त्याने उडी मारली नाही. वाऱ्यानेच त्याला तळव्यावरून उचलून घेतलं. एकदा खाली झुकला, माझा जीव वर आला, पण पाण्याला लागायच्या आधी वळला आणि लाटांच्या वरून तिरका निघाला, दक्षिणेकडे, आखाताच्या तोंडाकडे. काळी पाठ मातकट पाण्यावर थोडा वेळ दिसत राहिली.

आई बाटली हातात धरून उभी होती, टोपण काढलेली. "निघताना दोन थेंब तरी..." ती म्हणाली आणि थांबली. लाट तिच्या चपलांपर्यंत आली होती. तिने वाकून पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि बाटलीचं टोपण परत लावलं.